पुंजाजीचं वजन

देवमन, तुझ्या तेरवीत मी मार खाल्ला.

आज चौथा दिवस. वरचा ओठ अजून सुजलेला आहे. डावीकडचा तो दात, जो तू चौथीत असताना हलवून ठेवला होतास, तो अखेर पडला. वरण गार करून प्यावं लागतं. हे लिहिताना मला मध्येच हसू येतं, हसलं की ओठ उलतो, आणि उलला की तुझी आठवण येते. तुला हे बघायला मिळालं नाही, याचं मला तुझ्या मरणाइतकंच वाईट वाटतं आहे. तुझे थोरले भाऊ नानाभाऊ, ज्यांना तू गेल्यापासून दोन माणसं काखेत धरून चालवत होती, त्यांनी कोणाचीही मदत न घेता बादलीतलं वरणाचं ओगराळं उचललं आणि माझ्या तोंडावर हाणलं. ओगराळं भरलेलं होतं. वरण नुकतंच उतरवलेलं होतं. दुःखानं माणूस खचतो म्हणतात. नानाभाऊंचा हात मुळीच खचलेला नव्हता.

हे कसं झालं ते सांगतो. पण आधी तुझ्या मरणाचं बोलू.

गावात सध्या तुझी तीन मरणं चालू आहेत. पहिलं नानाभाऊंचं. त्यात तू रस्त्यावर पडल्या पडल्या हात जोडतोस आणि ज्यानं तुला उडवलं त्या मोटारसायकलवाल्याला माफ करा म्हणून लोकांना विनवतोस. बायका हे ऐकून डोळ्याला पदर लावतात. दुसरं मरण माझं आहे, आणि मला त्याची लाज वाटते, पण फार नाही. त्यात तुझ्या अंगावर कापसाची गठाण पडते. ज्यानं जन्मभर दुसऱ्याचं ओझं तोललं त्याला शेवटी ओझ्यानंच घेतलं, असं ते वाक्य होतं. मी ते फक्त दोघांना सांगून पाहिलं. परवा वरवट बकालहून आलेल्या एकानं मला ते परत ऐकवलं. त्याच्यात दोन गठाणी होत्या.

तिसरं मरण खरं आहे आणि तेरवीपर्यंत ते फक्त मला माहीत होतं.

नांदुरा रोडवर बाजार समितीच्या फाटकासमोर तू रस्ता ओलांडत होतास. मी पलीकडे चहा पीत होतो. वर्षभर आपण एकमेकांशी बोललो नव्हतो, म्हणून तू माझ्याकडे न बघता चालला होतास, आणि मी तुझ्याकडे न बघता सगळं बघत होतो. तो मोटारसायकलवाला फोनमध्ये बघत आला. आवाज पोतं फाटल्यासारखा झाला. मी धावलो. तुझं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा कानातून रक्त येत होतं आणि पाच पावलांवर लोक त्या माणसाला तुडवत होते. त्याच्या बरगड्यांवर लाथा बसत होत्या. मी म्हणालो, "देवमन, सांग बे त्यायले, मारू नका म्हणून. तुहं ऐकतीन."

तू एक डोळा उघडलास. म्हणालास, "काऊन? दोन माह्याकडून दे."

मी तुझं डोकं चहावाल्याच्या हाती दिलं, गेलो, आणि दिल्या. दोन. तुझ्या नावानं. परत आलो तर तू म्हणालास, "भास्क्या, माही एक चप्पल दिसत नाई. पाह्य बरं कुठी गेली."

मी चप्पल शोधायला गेलो. ती नालीच्या काठाला, पार तिकडे उडाली होती. मी ती घेऊन आलो तेव्हा तू गेला होतास.

देवमन, हे तुझे शेवटचे शब्द. कोणत्याही सभेत चालणारे नाहीत. मी गावातल्या प्रत्येक लग्नात, निरोप समारंभात, शोकसभेत माईक धरणारा माणूस. शेवटचे शब्द मला कळतात. हे नापास होते. पण चप्पल विचारणं मला समजलं. तुझ्या काट्यावर पाय ठेवायचा तर आधी चप्पल काढायची, हे तू तुझ्या सासऱ्यालासुद्धा म्हटलं होतंस.

हा नियम तुझ्या वडिलांचा. तुम्ही पिढीजात मापाडी. बाजारात कोणाचंही पोतं आलं तरी तुमच्या घरच्या माणसानं तोललं की शेतकरी आणि व्यापारी दोघंही गप्प बसत. चौथीत मी वर्गात सांगितलं की देवमनचा बाप काटा मारतो. मला तसं काही माहीत नव्हतं, पण सगळी मुलं माझ्याकडे वळून बघत होती आणि मला ते फार आवडलं होतं. तू दप्तरातून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन काढलंस आणि माझ्या तोंडावर मारलंस. तोंडातलं रक्त मी तुझ्या सदऱ्यावर थुंकलो, तू माझा कान चावलास. तुझ्या वडिलांनी आपल्याला दोघांनाही अंगणात नेलं, चप्पल काढायला लावली, तिवईला टांगलेल्या मोठ्या काट्याच्या एका पाटीत तुला बसवलं, दुसरीत मला. पाट्या हलल्या, थांबल्या.

"सारखे हाय दोघंबी," तुझे वडील म्हणाले. "आता भांडा."

मग कशाला भांडतो. पाटीत बसून झोके घेतले.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. तू बाजारात ते वापरलेस, पण तो जुना काटा अंगणातून काढला नाहीस. आणि एक सवय कधी सोडली नाहीस. पोत्यासकट वजन कोणी विचारलं तर तू ऐकूच येत नसल्यासारखं करायचास. रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा केल्याशिवाय तुझ्या तोंडून आकडा निघायचा नाही. मी तुला गोष्ट सांगायला लागलो की तू मध्येच विचारायचास, "यातलं बारदान किती?" मी चिडायचो. गोष्टीला पोतं नसतं, म्हणायचो. तू म्हणायचास, तुह्या गोष्टीत पोतंच पोतं असते.

मग तो कॅम्पातला तुरुंग पाडायला काढला, आणि आपल्या दोघांच्या आयुष्यात ती वही आली.

कॅम्प म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला गोऱ्या साहेबांनी बसवलेली वस्ती. कचेरी, दवाखाना, शाळा आणि तुरुंग एका रांगेत, आणि त्यांच्या मागे, जिथं वारा चांगला लागतो तिथं, त्यांचे बंगले. तुरुंगाचं भंगार आणि रद्दी तुझ्या काट्यावरून गेली. रद्दीच्या ढिगातून तू पाटाएवढी एक वही बाजूला काढलीस आणि भंगारातून बेड्यांची एक जोडी. वही काखेत मारून माझ्या घरी आलास. तुला इंग्रजी येत नव्हतं. तू म्हणालास, "भास्क्या, वजनाची वही हाय. रकाने पायले की समजते. पन माल कोनता तोलला ते काई समजत नाई."

मी पहिलं पान वाचलं. माल माणसं होता.

तुरुंगाच्या दवाखान्याची वही होती ती. दर पंधरवड्याला प्रत्येक कैद्याला तोलायचं, शेजारी आजार, जेवण, शिक्षा लिहायची, खाली डॉक्टर साहेबाची सही. प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे: तुरुंगाचं सर्वसाधारण आरोग्य चांगलं. हे पान वर कुठंतरी मोठ्या साहेबाकडे जात असणार, आणि मोठ्या साहेबाला चांगलं आरोग्य आवडत असणार.

दर रविवारी सकाळी आपण तुझ्या अंगणात बसायचो. मी वाचायचो, तू ऐकायचास. सुमन वहिनी चहा आणून विचारायच्या, "आज किती मेले?" जणू रेडिओवर बाजारभाव ऐकत आहेत. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. तिकटी म्हणजे काय, ते मी तुला अंगणातल्या तिवईला हात बांधून घेऊन दाखवलं. तीन लाकडांची चौकट, कैदी तिला पोटाशी बांधायचा, अंगावर लंगोटी, आणि मागून वेत. वेत कसा येतो, त्याचा आवाज कसा, कातडी आधी पांढरी कशी होते, मग लाल, मग उघडी. मी उठून हवेत काठी मारून दाखवायचो. खारं पाणी लावलेला वेत, मी म्हणायचो.

तू विचारायचास, "मीठ वहीत कुठी हाय?"

"मीठ नाई लिहिलेलं. पण असंनच ना बे."

"मंग मीठ तुहं हाय. कातडं त्याचं हाय. तुह्या घरचं मीठ त्याले काऊन लावतं?"

त्यानंतर आला उन्हाळा. म्हणजे वहीतला. तुरुंगात हगवण आली. पानंच्या पानं हगवणीची. एका कोठडीत तीस माणसं, एक घमेलं, आणि विहिरीत उंदीर मेलेला सापडल्याची नोंद, खाली साहेबाचा शेरा की विहीर उपसावी, आणि पुढच्या पानावर परत तोच शेरा. माणसं मरत होती. तू मला मध्येच थांबवलंस.

"हे पुंजाजी नावाचं पुन्हा वाच."

"पुंजाजी. दवाखान्यात सोळा दिवस. हगवण. रक्त. खाणं कांजी."

"वजन सांग."

"आला तवा एकशे चार पौंड. सोळा दिवसानं एकशे चार."

तू उठलास. माणूस सोळा दिवस रक्त हगून राहिला आणि छटाकभर उतरला नाही, हे तुझ्या डोक्यात बसेना. तू म्हणालास, बाजूचा रकाना वाच. मी वाचला: तोलण्याच्या दिवशी दुहेरी बेडी घातली. त्याच्या बाजूचा: वजन कायम, फटक्यांस योग्य. त्याच्या बाजूचा: वेत वीस. आणि खालच्या ओळीत, तिसऱ्या दिवशी: मयत. कारण हगवण.

तू आत जाऊन बेड्यांची ती जोडी आणलीस आणि पाटीत टाकलीस. मी किलोचे पौंड करून दिले. एका जोडीचे सात.

"दुहेरी म्हंजे चौदा," तू म्हणालास. "यायनं बारदान धरलं, भास्क्या. जो वाळला त्याले वेत मारता येत नव्हते. म्हनून बेड्या घालून तोललं. माल भरला म्हनून लिहिलं, अन् मारलं."

मला आठवतं, माझ्या अंगावर शहारा आला आणि लगेच मला वाटलं, काय गोष्ट आहे. मी उठून काठी हवेत फिरवली. तू म्हणालास, "बस खाली." तसं तू कधी बोलत नसायचास. मी बसलो.

पुढच्या रविवारी मी पानांच्या तळाशी असलेली बारीक ओळ वाचली. ती आधी मी सोडून देत होतो. प्रत्येक पानावर तीच होती. तोलणार, कैदी सखाराम, धंदा मापाडी.

सखाराम तुझे पणजोबा.

आता इथं मला माझ्यावर यावं लागतं. तुमच्या घरी एवढंच माहीत होतं की सखाराम आजोबा इंग्रजांच्या तुरुंगात होते. बाकी सगळं माझं. पंधरा वर्षांपूर्वी नानाभाऊंच्या सत्कारात बोलायला काही मिळेना, म्हणून मी सखारामाच्या हातून साहेबाच्या कानाखाली एक ठेवून दिली. टाळ्या पडल्या. नानाभाऊ रडले. मग ती थप्पड दर वर्षी वाढत गेली. साहेबाची हॅट उडाली, मग साहेब घोड्यावरून पडला, मग घोडा पळाला. नानाभाऊंनी खटपट करून चौकाला सखारामाचं नाव लावून घेतलं. त्या फलकाच्या उद्घाटनाचं सूत्रसंचालनही मीच केलं.

वहीत सखारामाचा गुन्हा लिहिला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात चुलतभावाचं डोकं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, फोडलं. आणि शेवटी एक शेरा होता. वजनं चोख ठेवल्याबद्दल या कैद्याला चार महिन्यांची सूट देण्यात येते.

तू त्या पानावर हात ठेवलास. मग म्हणालास, "चार महिने लवकर सुटला तो. त्यातच माहा आजा पोटात रायला असंन. म्हंजे पुंजाजी वेतानं मेला म्हनून मी हाय."

मी म्हणालो, असं कुठं असतं. तू म्हणालास, "तूच सांग आता सगळ्यायले. तू चढवलं, तू उतरव."

मी नाही म्हणालो. किती भांडलो आपण. मी म्हणायचो, देवमन, लोक मला आनंदात राहायला बोलावतात. मी म्हणायचो, वहिनींचा विचार कर, पोरीच्या सोयरिकीचा विचार कर. मी म्हणायचो, थोडं मीठ लावल्याशिवाय मेलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, पुंजाजीला ऐकवायचं असेल तरी मलाच ऐकवावं लागेल, माझ्या पद्धतीनं. तुझं एकच उत्तर. बारदान काढ.

आणि एक दिवस तू विचारलंस, "तू शाळेत पोरायचं वजन कसं लिहितं बे?"

मी शिक्षक आहे. वर्षातून दोनदा आरोग्य पत्रकावर मुलांची उंची आणि वजन लिहावं लागतं. शाळेचा काटा बिघडून बरीच वर्षं झाली. मी म्हणालो, "अंदाजानं. मागच्या वेळेपेक्षा किलो-दीड किलो वाढवून. पोरं वाढतातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू हातगाडीवर काटा घालून शाळेत आलास, मुख्याध्यापकांची परवानगी काढलीस, आणि माझ्या वर्गाला चप्पल काढून ओळीत उभं केलंस. मुलांना मजा. तू आकडा बोलायचास आणि माझ्या पत्रकातला आकडा मला मोठ्यानं वाचायला लावायचास. एका मुलीजवळ आपण दोघं थांबलो. माझ्या पत्रकात ती चोवीस किलो होती. काटा एकोणीसवर थांबला. मागच्या वर्षी कोणीतरी खरं लिहिलेलं असतं तर ती उतरत चालली आहे हे दिसलं असतं. तिला ग्रामीण रुग्णालयात मी नेलं, हे तुला माहीत आहे. ती बरी आहे, आता पंचवीस भरते, हे तुला माहीत नसेल. काटा नवा घेतला. मी तोलतो. पण तेव्हा, त्या वर्गात, चाळीस मुलांसमोर तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालास, "तोलणार, भास्कर."

देवमन, मला तुझा जीव घ्यावासा वाटला. चौथीतल्या त्या लोखंडी वजनानं नाही लागलं, एवढं ते लागलं.

म्हणून मी सूड घेतला. चौकातल्या वार्षिक कार्यक्रमात तू पहिल्या रांगेत बसला होतास. तुला वाटलं होतं मी आज सांगणार. मी तुझ्या डोळ्यात बघत थप्पडीची गोष्ट सांगितली, आणि या वेळी सखारामानं साहेबाला दोन मारल्या, एक डावी, एक उजवी, आणि तिकटीला बांधल्यावरही हसत होता. लोक उभे राहिले. तू पण उभा राहिलास. पायऱ्या चढून वर आलास, चप्पल काढून ठेवलीस, हे मी पाहिलं, आणि माझ्या कानाखाली मारलीस. माईक चालू होता. पंधरा वर्षं मी तोंडानं जो आवाज काढत होतो तो किती चुकीचा होता हे तेव्हा कळलं. खरी थप्पड तशी वाजत नाही. ती बुडल्यासारखी वाजते.

मी पण तुझं नरडं धरलं. आपण दोघं फलकाला लावलेल्या झेंडूच्या माळांसकट खाली आलो. पन्नाशी उलटलेली दोन माणसं. मग वर्षभर एक शब्द नाही. चहाच्या टपरीवर तू आलास की मी पेपर उघडायचो. तो जुना असायचा.

आता तेरवी.

मांडव तुझ्या अंगणातच. काटा तिथंच, त्याच्या तिवईला कोणीतरी पाण्याचा ड्रम टेकवून ठेवलेला. पंगत बसायच्या आधी नानाभाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, झालं गेलं जाऊ द्या. दोन शब्द बोला. ते साहेबाच्या कानाखालची गोष्ट घ्या. देवमनले लय आवडे." सुमन वहिनी चार पावलांवर होत्या. त्यांनी वर बघितलं.

पंगत बसल्यावर मी उभा राहिलो. सवयीनं घसा खाकरला. आणि सांगितलं. थप्पड मी बनवली होती, हे सांगितलं. कुऱ्हाडीचा तुंबा सांगितला. वही, बेड्या, रक्ताची हगवण, उंदीर पडलेली विहीर. सखारामानं कसं तोललं. मग तिकटीला बांधलेला माणूस, आणि वेत. देवमन, ते मी फार चांगलं सांगितलं. हाडं मोजता येतील असा माणूस उभा केला. वेत हवेतून आणला. एकेक मोजला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तोंडात पदर धरला. कोणी पापडसुद्धा मोडत नव्हतं. शेवटी तुझे खरे शेवटचे शब्द सांगितले, दोन माह्याकडून दे, चप्पल पाह्य, सगळं.

मग नानाभाऊंचं ओगराळं आलं.

त्यांच्या मागून त्यांचा जावई आला, त्यानं माझ्या पोटात गुडघा घातला. बाजारातले तुझे मापाडी उठले, त्यांनी जावयाला धरून मांडवाच्या खांबावर आदळलं, खांब वाकला, अर्धा मांडव खाली आला. एक जण पाटावरची केळी फेकत होता, कोणाला ते त्यालाही माहीत नसावं. माझ्या छातीवर कोणीतरी बसलं होतं आणि कापडाखाली अंधारात मला मारत होतं, आणि मी कापडातून एक शांत आवाज ऐकला, "मारा, पन पत्रावळीवर नका पडू राजेहो." मी हसलो. तेव्हाच दात गेला.

नानाभाऊ मला मारताना रडत होते. "माह्या मेलेल्या भावाचा आजा, त्याचा बाप," असं काहीतरी ओरडत होते, नातं पुरं लागत नव्हतं, आणि एकेका शब्दाला एकेक हाणत होते. त्यांच्यापाशी पंधरा वर्षं एक शूर पणजोबा होता. तो मी दिला होता, मीच काढून घेतला. त्यांनी मारलं ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी चप्पल द्यायला गेलो. ती माझ्याकडेच राहिली होती, नालीच्या काठावरून उचललेली, मी धुऊन ठेवली होती. अंगणात मांडवाचं कापड वाळत पडलं होतं. वहिनींनी चप्पल घेतली, काट्याखाली तिची जोडीदार ठेवलेली होती, तिच्याशेजारी नीट लावली. मला चहा दिला. ओठाकडे बघितलं.

"चांगलं सांगितलं भाऊजी," त्या म्हणाल्या.

मला, देवमन, बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी म्हणालो, "देवमनच्या मनासारखं झालं."

"वेत किती म्हनलात?"

"तीस."

"वहीत वीस होते. मी चहा घेऊन उभी होती तवा."

मी कप खाली ठेवला.

"अन् नाव नाई घेतलं त्याचं," त्या म्हणाल्या. "एक अभागी कैदी म्हनलात. चारदा म्हनलात. मी वाट पाहून राह्यली होती, आता घेतीन, आता घेतीन."

मी आठवून पाहिलं. खरंच घेतलं नव्हतं. अभागी कैदी म्हटलं की पुढच्या शब्दाला ठेका येतो. पुंजाजी म्हटलं की येत नाही. आणि वीसला लोक श्वास रोखत नाहीत, देवमन. मला माहीत आहे, मी पन्नास सभांमध्ये पाहिलं आहे. विसाव्याला ते अजून खुर्चीत असतात. तिसाव्याला पुढे येतात. मी त्याला मेल्यावर दहा वेत जास्त मारले, आणि टाळ्या नव्हत्या म्हणून मला वाटलं की मी खरं बोललो.

वहिनी कप घेऊन आत गेल्या. मी काट्याजवळ गेलो. चप्पल काढली. पाटीत बसलो नाही, तेवढं धैर्य नव्हतं. नुसता उभा राहिलो.

नानाभाऊ काल संध्याकाळी माझ्या घरी आले. ओठाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "वही द्या." मी दिली. इंग्रजी त्यांना येत नाही. पण तेही मापाडीच, रकाने त्यांना वाचता येतात. आज सकाळी चौकातून आलो तर फलकाखाली ते एकटेच बसलेले होते, मांडीवर वही, बोट एका ओळीवर. मी थांबलो नाही. काही सांगायला गेलो असतो तर वाढवलं असतं.

तेरवीत जे सांगायचं होतं ते तुला इथं लिहून देतो. बोलून पाहिलं, जमत नाही. कागदावर हात जरा मंद चालतो, त्यामुळे मध्ये काही शिरायला वाव कमी.

पुंजाजी. दवाखान्यात आला तेव्हा एकशे चार पौंड. हगवण, सोळा दिवस. तिकटीला बांधला त्या दिवशी बेड्या काढून नव्वद. वेत वीस. तिसऱ्या दिवशी मयत.

तोलणार सखाराम. सांगणार भास्कर.